मिस्तरीबाईची सून

आत्याबाई,

तुम्ही गेल्यापासून गल्लीतल्या बायका मला एकच वाक्य ऐकवतात. "तुझ्यासारखी सून मिळायला नशीब लागतं." मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, मला रडू येतंय. रडू येत नाही. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही, एवढंच.

आज सोळा दिवस झाले. तुमच्याविषयी चांगलं बोलून झालं सगळ्यांचं. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि माझ्या बारावी शिकण्याचा तुम्ही जीभ चालत होती तोवर उद्धार केलात. म्हणूनच बहुतेक, वहीत लिहायचा धीर होतोय. तुमच्यासमोर मी कधी सलग चार वाक्यं बोलले नाही. पहिली साडेपाच वर्षं तुम्ही बोलू दिलं नाहीत आणि पुढची अडीच तुम्हाला बोलता येत नव्हतं.

चाळीसगावहून लग्न होऊन मी सुरतेत लिंबायतला आले तेव्हा मला पोचवायला आलेल्या वडिलांनी गल्लीच्या तोंडाशीच एका पोराला पत्ता विचारला. जावयाचं, विलासरावांचं नाव सांगितलं तर त्याला कळेना. "मिस्तरीबाईचं घर?" असं त्यानंच विचारलं. बाईमाणूस मिस्तरी, हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. आत आले तर खाटेखाली चहाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले. एकात बारीक स्क्रू, एकात मोठे, एकात वॉशर, एकात स्टोव्हच्या पिना. भिंतीला खिळ्यावर पक्कड, टेस्टर, आणि ज्याला मी स्क्रू ड्रायव्हर म्हणायची आणि तुम्ही सुरतच्या बोलीत डिसमिस म्हणायच्या, ती तीन मापांची. शेजारच्या शेडमधले लूम दिवसरात्र खडखडत होते आणि भिंतीवरची ती हत्यारं त्या खडखडाटानं हलत होती.

तुमची गोष्ट मला शेजारच्या हंसाबेननं सांगितली, तुम्ही कधीच नाही. मामंजी कारखान्यात लूम दुरुस्त करायचे. एकदा पट्ट्यात हात गेला आणि उजव्या हाताची चार बोटं तुटली. ते घरी बसले, पण त्यांच्या डोक्यातली विद्या कुठं जाणार? ते उरलेल्या अंगठ्यानं दाखवायचे आणि तुम्ही करायच्या. स्टोव्ह, कंदील, शिलाई मशीन, मग रेडिओ, मग पंखा. सहा वर्षं ते बोलत राहिले आणि तुमचे हात शिकत राहिले. ते गेले आणि हात राहिले. या घरातली एकही वस्तू कधी दुकानात दुरुस्तीला गेली नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगायच्या. खोटं नव्हतं ते.

पण ज्या हातांनी तुम्ही गल्लीभरच्या वस्तू हळुवार उघडायच्या, ते हात माझ्या बाबतीत तसे नव्हते.

लग्नाच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी मला लग्नात टेपरेकॉर्डर दिला होता. मी नळावरून हंडा घेऊन आले तर तो टेपरेकॉर्डर जमिनीवर, वर्तमानपत्रावर, तुकड्या तुकड्यांत पसरलेला. मोटर वेगळी, बेल्ट वेगळा, झाकण वेगळं.

"बिघडला होता का?" मी विचारलं.

"नही. आतमा काय शे ते देखं." तुम्ही तुमच्या अहिराणीत म्हणालात आणि हात पुसलेत. "आते तू लाव. बारावी शिकेल शे ना?"

मला वाटलं थट्टा आहे. संध्याकाळी तुम्ही ते सगळं बिस्किटाच्या एका डब्यात भरलंत आणि डबा माझ्या पेटीवर ठेवलात. विलासरावांनी तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिफ्टला निघून गेले. पुढेही नेहमी त्यांनी तेच केलं.

मला तो टेपरेकॉर्डर जोडायला वीस महिने लागले. दुपारची भांडी झाली की तुम्ही समोर बसायच्या आणि मी डबा उघडायची. एखादा भाग कुठं बसतो असं विचारलं की तुम्ही म्हणायच्या, "शोध." चुकीच्या जागी लावला तर काहीच म्हणायच्या नाहीत. मी पुढचे पाच भाग लावेपर्यंत थांबायच्या आणि मग सगळं खाली ओतायच्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणायच्या, "डोयाना पानीघाई गंज लागस."

एकदा मी डाख देऊन झाल्यावर कैया, म्हणजे डाख द्यायची विजेची सळई, चालूच ठेवला आणि चहा टाकायला उठले. तुम्ही मला परत बोलावलंत. माझा डावा हात धरलात, उलटा केलात आणि कैयाचं टोक मनगटाला लावलंत. एक क्षणच. "गरम शे का थंडा, आते समजनं?" मी ओरडले तर तुम्ही उठून माझ्या हातावर पाणी ओतलंत, राख लावलीत आणि म्हणालात, जे उघडलं ते मिटता आलं पाहिजे आणि जे पेटवलं ते विझवता आलं पाहिजे, नाहीतर हात लावू नये. त्यानंतर मी कुठलीच वस्तू चालू ठेवून उठले नाही. एक वेळ सोडून.

आणि तुम्ही बोलायच्या ते. लग्नाला दोन वर्षं होत आली, माझी कूस उजवली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओट्यावर बारा-पंधरा बायका बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं, सुनेचं काय? तुम्ही तिळगूळ मोडता मोडता सांगितलंत, "वरतून नवी दिखस. आतून बिघडेल शे." बायका हसल्या. मी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होते. तुम्ही मला बघितलं होतंत. बघूनच बोललात.

त्या रात्री मी जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो टेपरेकॉर्डर पुरा केला. रागानं केला. बेल्ट बसवला, हेड पुसलं, झाकण लावलं, पिन घातली. चालला. गाणं लागलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कान लावून ऐकलंत आणि म्हणालात, "आवाज जाड येस." आणि गहू निवडायला लागलात.

मी त्या दिवसापासून तुमचा तिरस्कार करायला लागले आणि त्याच दिवसापासून मला दुरुस्ती यायला लागली. या दोन गोष्टी मला अजून एकमेकींपासून सोडवता आलेल्या नाहीत.

प्लेगच्या वर्षीचं सांगते, कारण ते नाही सांगितलं तर मी खोटं लिहिलं असं होईल.

दोन दिवसांत गल्ली रिकामी झाली. जो तो तोंडाला रुमाल बांधून पेट्या घेऊन स्टेशनकडे. लूम बंद पडले. मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या घरात शांतता ऐकली. विलासराव म्हणाले, "इंदूताईला तिच्या सासरहून, बारडोलीहून घेतो, गावी सोडतो आणि तुम्हा दोघींना न्यायला परत येतो." तुम्ही म्हणालात, "माले कोठे जानं नही." ते गेले. एकोणीस दिवसांनी आले. मधल्या काळात त्यांनी निरोपसुद्धा पाठवला नाही, आणि आपण दोघींनी त्याबद्दल एकमेकींना एक अक्षर विचारलं नाही.

हंसाबेन सौराष्ट्रात भावाकडे जाताना घराची किल्ली तुमच्या हातात देऊन गेली होती. आणखी तीन घरांच्या किल्ल्या तुमच्याकडे होत्या. चौथ्या दिवशी तुम्ही उठलात, रुमाल बांधलात, मला बांधायला लावलात आणि म्हणालात, चल. आपण हंसाबेनचा पंखा उतरवला. तो वर्षभर घुरघुरत होता. बेअरिंग काढलं, रॉकेलमध्ये धुतलं, वंगण भरलं, कंडेन्सर बदलला. दुसऱ्या घरातली शिलाई मशीन. तिसऱ्या घरात एक रेडिओ, एक गळका स्टोव्ह, दोन छत्र्या, एक कुकर ज्याचं हँडल ढिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. माणसं जीव घेऊन पळाली होती आणि आपण त्यांच्या घरांत बसून त्यांच्या छत्र्यांच्या काड्या बांधत होतो.

तोंडाला रुमाल असल्यामुळे तुम्ही बोलत नव्हतात. बोट दाखवायच्या. मी करायची. मधेच तुम्ही हात पुढे करायच्या आणि काय हवं ते न विचारता मी हातात ठेवायची. पक्कड हवी असेल तर पक्कड. तुम्ही एकदाही माझ्याकडे बघून खात्री केली नाहीत. आत्याबाई, मी सुरतेत आठ वर्षं राहिले. त्यातले ते दिवस मला चांगले वाटले, हे सांगायची लाज वाटते. बाहेर माणसं मरत होती.

हंसाबेनचा पंखा परत टांगला आणि बटण दाबलं. आवाजच नाही. तुम्ही रुमाल खाली ओढलात. "तुना हात बरा शे," असं म्हणालात आणि रुमाल परत वर केलात.

तेवढं एकच. आठ वर्षांत एकदाच.

मग लोक परत आले. हंसाबेन हसत धावत आली, "बा, पंखो तो नवा जेवो थई गयो!" मी चहा गाळत होते. मला वाटलं, आता तुम्ही माझं नाव घ्याल. तुम्ही म्हणालात, "मी करं. हाई नुसती दिवा धरेल व्हती." दिवा तर लागतच नव्हता. भरदुपारी केलं होतं आपण ते काम.

मला कैयाचा चटका इतका लागला नव्हता.

त्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधी, तुम्ही सकाळी मोरीत पडलात. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं. जीभ हलायची, पण शब्द यायचा नाही. नुसतं "आ… आ…". समजत मात्र सगळं होतं. डॉक्टरही तसंच म्हणाले, आणि मला ते डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तुमचे डोळे होते तसेच होते.

मी तुम्हाला उपाशी ठेवलं नाही. घाणीत ठेवलं नाही. अंग पुसलं, वेणी घातली, औषधं दिली. लोकांनी जे पाहिलं ते खरंच होतं. त्यांनी दुपारचे दोन ते चार पाहिले नाहीत.

विलासराव शिफ्टला गेले की मी दार लोटून घ्यायची. तुमच्या खाटेसमोर वर्तमानपत्र पसरायची आणि काहीतरी उघडायची. मिक्सर, टॉर्च, भिंतीवरचं घड्याळ. आणि मुद्दाम चुकीचं लावायची. लांब स्क्रूच्या जागी आखूड. वॉशर न घालता नट. स्क्रू आट्या सोडून तिरपा पिळायची, म्हणजे खाचा मोडल्याचा आवाज तुम्हाला ऐकू जाईल. पहिल्या दिवशी तुम्हाला वाटलं, मी विसरले. तुम्ही डाव्या हातानं खाटेची पट्टी वाजवलीत. मी बघितलं, हसले आणि आणखी अर्धा फेरा पिळला. मग तुम्हाला कळलं. मला तुमच्या डोळ्यांत ते कळताना दिसलं. माझ्या अंगावर शहारा आला, आणि तो आनंदाचा होता. खोटं कशाला लिहू.

"काय झालं आत्याबाई? चुकलं का? मग सांगा ना."

"आ… आ…"

"शोधू का?"

संध्याकाळी मी सगळं परत बरोबर लावून ठेवायची. घड्याळ चालायचं, मिक्सर फिरायचा. कुणाला काही कळायचं नाही. मामंजींची बोटं गेली तेव्हा त्यांनी दाखवलं आणि तुम्ही केलंत, म्हणून ते सहा वर्षं माणसात राहिले. तुमच्याकडे पुरा डावा हात होता. तुम्ही दाखवू शकत होतात. मी तुमचे हात झाले असते तर तुम्हीही जगला असतात, नुसत्या पडून राहिला नसतात. मला हे तेव्हाच सुचलं होतं. सुचलं, म्हणूनच केलं नाही.

एकदा तुमच्या देखत भंगारवाल्याला बोलावून तुमचा जुना मिक्सर दिला. तुम्ही तीनदा त्याचे ब्रश बदलले होते, भांड्याला स्वतः डाख दिला होता. चालू होता तो. मी म्हटलं, "नवा आणणार आहोत. आता दुरुस्त करत बसायचे दिवस गेले." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मीही हट्ट केला नाही.

दोन वर्षं हे चाललं. रोज नाही. तुम्ही ज्या दिवशी मुकाट पडून राहायच्या, त्या दिवशी मला चेव यायचा नाही. मग काही दिवस मी विसरून जायची आणि एखाद्या संक्रांतीला, कुणाच्या तरी डोहाळजेवणाला जाऊन आले की परत सुरू करायची.

आता ती दुपार.

इस्त्रीची वायर मुळाशी जळाली होती. मी नवी वायर आणली, खाली बसले, मागचं झाकण उघडलं. तुम्ही कुशीवर होतात, बघत होतात. एक तार एलिमेंटला लावली. दुसरी तार हातात धरून मी तुमच्याकडे बघितलं आणि ती एलिमेंटला न लावता बाहेरच्या लोखंडाच्या स्क्रूखाली दाबली. म्हणजे पिन घातली की सगळ्या इस्त्रीत करंट. तुम्हाला हे सांगायला नको, पण वही कुणाच्या हाती लागली तर त्याला कळावं म्हणून लिहिते.

तुम्ही पट्टी वाजवायला लागलात. नेहमीसारखी नाही, जोरात. "आ! आ!" मी झाकण बसवलं, स्क्रू पिळला आणि म्हटलं, "बरोबर आहे ना?"

मी ते पाच मिनिटांनी काढणारच होते. कुणाला मारायचं माझ्या मनात नव्हतं. तुम्हाला छळायचं होतं, तेवढंच. पण तेवढ्यात बाहेर गलका झाला, नळाला पाणी आलं. त्या दिवशी सकाळी पाणी आलंच नव्हतं. मी हंडे उचलून धावले. रांग, भांडणं, सहा खेपा. शेवटची खेप टाकली तेव्हा पाय ओले, साडीचा घोळ ओला, आणि डोक्यात एकच, विलासरावांना संध्याकाळी कुणाकडे तरी जायचंय, शर्ट राहिलाय. मी गोधडी अंथरली, इस्त्री घेतली, खाटेच्या उशाशी बोर्ड आहे त्यात पिन घातली, बटण दाबलं.

विसरले, आत्याबाई. साफ विसरले.

तुम्ही परत सुरू केलंत. पट्टीवर हात, "आ… आ…". मी म्हटलं, "पुरे आता." इस्त्री तापेना. कशी तापणार? मी दांडा धरून वाट बघितली, मग इस्त्री उभी केली आणि जिभेला बोट लावलं, तापली का ते बघायला. तेवढ्यात तुम्ही पडलात.

पडलात नाही. लोटलंत स्वतःला. डाव्या हातानं खाटेची कड धरून, डाव्या पायानं रेटा देऊन. सगळं अंग वायरीवर आलं, पिन बोर्डातून उखडून निघाली, इस्त्री गोधडीवरून फरशीवर आपटली. तुमच्या कमरेचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला तो इस्त्रीचा वाटला.

मी काय केलं? मी ओरडले. "पाणी भरभरून माझी कंबर मोडली आणि तुम्हाला आता हेच सुचलं का? इस्त्री फोडायची होती?" तुम्ही जमिनीवर वाकड्या पडला होतात आणि मी आधी इस्त्री उचलली, पोचली का ते बघायला. उलटी केली. मागचा स्क्रू दिसला.

तेव्हा आठवलं.

माझं बोट अजून ओलं होतं. तुमच्या तोंडातून लाळ येत होती, कपाळावर घाम. वेदना किती होत असतील. पण तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. तुमची नजर माझ्या हातातल्या इस्त्रीवर होती.

आणि यापुढचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला उचलायच्या आधी, हंसाबेनला हाक मारायच्या आधी, मी डिसमिस घेतली, झाकण उघडलं, तार सोडवली आणि बरोबर जागी लावली. कुणी येऊन बघू नये म्हणून. स्क्रू दोनदा सांडला. तुम्ही जमिनीवर गाल टेकून सगळं बघत होतात. मी शेवटचा फेरा पिळला, झाकण घट्ट झालं, आणि तुम्ही डोळे मिटलेत.

मग मी हंसाबेनला हाक मारली. "आत्याबाई खाटेवरून पडल्या!"

दवाखान्यात सांगितलं, या वयात, लकव्याच्या अंगाला ऑपरेशन झेपायचं नाही. घरी न्या. घरी आणलं. अडतीस दिवस. पाठीला जखमा झाल्या. मी रोज धुतल्या, कुशी बदलल्या, पावडर लावली. रात्रंदिवस बसून राहिले. गल्लीनं हेच पाहिलं आणि याचंच कौतुक करतात. ती माया नव्हती, आत्याबाई. भीती होती. तुमची जीभ अचानक सुटेल अशी भीती.

दहाव्या-बाराव्या दिवशी दार लोटून मी तुमच्या कानाशी वाकले. म्हटलं, "तुम्ही कशाला पडलात ते मला कळलं." तुम्ही बघितलंत. मी म्हटलं, "मला माफ करा म्हणत नाही. कळलं, एवढं सांगते." मी चमच्यानं पेज पुढे केली. तुम्ही डाव्या हातानं चमचा बाजूला सारलात. जोरात नाही. मग तोंड भिंतीकडे केलंत. त्यानंतर विलासरावांच्या हातून खाल्लंत, हंसाबेनच्या हातून खाल्लंत, माझ्या हातून शेवटपर्यंत नाही. लोकांना मी सांगायची, भूकच नाही त्यांना.

तेराव्याला इंदूताईंनी सगळ्यांसमोर मला पाटावर बसवलं आणि साडी दिली. म्हणाल्या, "पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं हिनं आईचं केलं. मी पोटची असून बारडोलीत बसून राहिले." आणि रडायला लागल्या. साडी माझ्या मांडीवर होती. मला ती उचलताच येईना. मी सांगितलं. दोन वर्षांतल्या दुपारचं, इस्त्रीचं, तारेचं, पाण्याचं, सगळं एका दमात. फक्त पडल्यावर आधी काय केलं ते सोडून.

मग इंदूताई उठल्या. मला वाटलं, आता मारतील. मीच गाल पुढे केला बहुतेक. त्यांनी मला छातीशी धरलं. "वेडी झालीस का? स्वतःला असा दोष लावून घेतेस?" हंसाबेननं पाणी आणलं, माझ्या डोक्यावर पदर सारखा केला आणि बाकीच्यांना हळूच म्हणाली, "बेनने आघात लाग्यो छे." एका म्हातारीनं माझी दृष्ट काढायला सांगितलं. मी परत सांगायला लागले तर इंदूताईंनी माझं तोंड हातानं मिटलं. मग मला जेवायला वाढलं. मी जेवले, आत्याबाई. भूक लागली होती.

एकानं मात्र विश्वास ठेवला. विलासराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा बघून मला कळलं, यांना पटलं. आता घरात मी पिन घातलेल्या कुठल्याही वस्तूला ते हात लावत नाहीत. आधी बटण बंद करतात, पिन काढतात, तुमचा टेस्टर घेतात, बघतात, मग वापरतात. माझ्यासमोर.

बायका अजून येतात. काल एक स्टोव्ह आला, आज रेडिओ. दारातून विचारतात, "मिस्तरीबाईची सून आहे का?" मी घेते, उघडते. हात आपोआप चालतात. तुम्ही दिलेलं आहे हे, आणि माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नाही. वडिलांनी बारावीपर्यंत शिकवलं ते कुठंच उपयोगी पडलं नाही. तुम्ही चटके देऊन शिकवलंत ते मला मरेपर्यंत पोसेल. याबद्दल तुमचे आभार मानायचे तर ते कुठल्या तोंडानं मानू, हे मला माहीत नाही. पण मानते.

परवा विलासराव शिफ्टवरून आले, हात धुतले आणि ताटावर बसले. तुम्ही गेल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलले. विचारलं, "तू तिला दोन वर्षं छळलंस. मग मायनं तुला कशाला वाचवलं?"

मी पोळी वाढत होते. त्यांच्या ताटात आणखी एक वाढली.

तेव्हापासून मी तुमचे डोळे आठवते आहे. पडल्यावर तुम्ही माझ्याकडे बघितलं नव्हतं. इस्त्रीकडे बघत होतात. मी तार बरोबर लावली आणि मगच तुम्ही डोळे मिटलेत. आत्याबाई, मी मरू नये म्हणून तुम्ही स्वतःला लोटलंत, की तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांसमोर चुकीची लावलेली वस्तू चालू झाली, ते तुम्हाला सहन झालं नाही म्हणून?

दुसरं खरं असू द्या. तेवढ्या दुष्ट तुम्ही असू द्या. पहिलं खरं असेल, तर मला उद्या सकाळी उठून या घरात चूल पेटवता येणार नाही.

तुमची सून
सुमन